तिकीट

तिकीट म्हटल्यावर बाबा खिडकीपाशीच अडून राहिले.
"माझ्याच गावात शिरायला पैसे?"
आतला पोरगा हसला,
"काका, खालच्या गावातला प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो."
लोत्फीने मुकाट्याने सहा तिकिटं घेतली.
पाचांत भागलं असतं,
रिमेलला अजून सहावं लागायचंय.

वाऱ्याने जैतुनाची पानं उलटी केली होती,
सगळी टेकडी रुपेरी.
मबरूका आत्या गुडघा धरून दगडांना शिव्या घालत चढली,
भाकऱ्यांचं गाठोडं मात्र कुणाच्या हाती देईना.
उकडलेली अंडी, हरिसा, पोपटी थर्मास.
आम्ही सहलीला आलो होतो. निदान ठरलं तरी तसंच होतं.

मुलं आधी घुसली ती रोमनांच्या शौचालयात.
घोड्याच्या नालेसारखा वळलेला दगडी बाक, त्यात बारा भोकं.
बारा जणांनी एकमेकांकडे बघत बसायचं,
पिकापाण्याच्या गप्पा मारायच्या.
इयाद एका भोकावर बसून खोटं खोटं कुंथला,
रिमेल हसून हसून जमिनीवर लोळली.
लोत्फीने फोटो काढला. तो कुणाला दाखवायचा नाही असं ठरलं.

देवळापाशी वाटाड्या फ्रेंच पाहुण्यांना सांगत होता:
वर बघा, गरुड. सम्राटाला उचलून स्वर्गात नेतोय.
सगळ्यांनी माना वर केल्या.
बाबा खांबांच्या बुंध्याकडे बघत होते.
"या खांबाला आईची दोरी," ते म्हणाले, कुणाला उद्देशून असं नाही,
"दुसरं टोक त्या तिकडच्याला.
घोंगड्या वाळत घातल्या की आम्ही मागे लपायचो."
"आणि गरुड?" रिमेलने विचारलं.
"होता की. त्याच्या डोक्यावर कबुतरं हगायची."

मग साहेब आले, नकाशे आले.
खाली सडकेच्या कडेला एका मापाच्या खोल्या उठल्या.
गावाचं नाव तेच ठेवलं, त्याला फक्त 'नवं' चिकटवलं,
जसं गेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला देतात.
वरची घरं पाडताना मजूर दोन ढीग करत होते:
रोमनांचा दगड इकडे, तुमचा तिकडे.
"आमचा कुठला आलाय," आत्या म्हणाली,
"सगळा त्यांचाच उचललेला.
आणि त्यांनी तरी कुणाचा उचलला, देव जाणे."

इयाद म्हणाला, "म्हणजे आजोबा, तुम्ही रोमन होता?"
"छे रे. ते गेले, दार उघडं राहिलं.
आम्ही बकऱ्या आत घेतल्या."

पुढे एके ठिकाणी,
जिथे पाटी नव्हती, दोरखंड नव्हता,
नुसतं चरलेलं गवत आणि लेंड्या,
बाबांनी चालता चालता उजवा पाय वीतभर उचलला
आणि अलगद पलीकडे टाकला.
थांबले नाहीत. त्यांना कळलंही नसावं.
मी वाकून पाहिलं. सपाट माती.
पाठोपाठ आत्या आली, कण्हत, गाठोडं छातीशी धरून,
आणि तिनेही तो दुखरा गुडघा
नेमका तिथेच उचलला.
मी तशीच चालत गेले.
माझ्या पायाला काही लागलं नाही.

चटई अंथरली, तशी राखणदाराने शिट्टी फुंकली:
इथे जेवायला मनाई आहे.
"हो का?" बाबा म्हणाले. "मग इतकी वर्षं आम्ही उपाशीच होतो म्हण."
तो आधी घुटमळला,
मग आत्याने दिलेलं अंडं उभ्या उभ्या खाल्लं,
टरफलं खिशात घातली. नियम म्हणजे नियम.

परतताना पिकअपमध्ये मुलं झोपली.
बाबांनी खिशातून तिकीट काढलं, चष्मा पुसला.
तिकिटावर देवळाचं चित्र होतं,
खांब, गरुड, मागे निळं आभाळ,
माणूस एकही नाही.
ते नखाने काहीतरी शोधत राहिले, मग मला दाखवलं:
"इथे बघ. नाही, इथे नाही,
कडेच्या जरा बाहेर."
नख तिकिटावरून घसरून
त्यांच्या अंगठ्यावर टेकलं होतं.